नाव शेवटी सांगा

शनिवारी आमच्या बालवाडीत निम्म्या डब्यांत पोहे असतात, आणि त्यातले निम्मे फरशीवर. पूर्वी मी झाडू घेऊन मागे लागायची. आता दाराच्या उंबऱ्यापाशी, जिथून मुंग्यांची ये-जा असते तिथे, एक पोहा मुद्दाम राहू देते. पाच-सात मिनिटांत एखादी मुंगी येते, मग रांग लागते, आणि रांगेच्या दोन्ही बाजूंना बावीस पोरं पालथी पडलेली असतात. त्या दिवशीचा भाषेचा तास तिथेच होतो.

मी मानेवाड्याच्या बाजूला तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते, अकरा वर्षं झाली. घरात मराठी, गल्लीत हिंदी, मोबाइलवर इंग्रजी, आणि आजी गावाहून आली की वऱ्हाडी, अशी ही नागपूरची मुलं. ‘पोरगा बोलतच नाही’ आणि ‘पोरगी सगळी खिचडी करून बोलते’ या दोन तक्रारी दर जूनमध्ये ठरलेल्या. दोन्हींवर मी एकच औषध देते, तेही फुकटचं: किडे. घरी करायला शिक्षक असावं लागत नाही. फक्त जमिनीवर बसता आलं पाहिजे.

चार्ट काढून ठेवा

पहिली काही वर्षं मीही चार्टवरच शिकवत होते. सोळा किड्यांची चित्रं, माझ्या हातात पट्टी. पट्टी पडली की मुलं पाढे म्हटल्यासारखी ओरडायची, ‘मुंगी! माशी! डास!’ मला वाटायचं, झालं शिकवून.

एका पावसाळ्यात खिडकीतून खराखुरा नाकतोडा आत आला आणि गजांवर बसला. वर्ग उभा राहिला. ‘ताई, टिड्डा! टिड्डा!’ मी लगेच दुरुस्ती केली, ‘टिड्डा नाही बेटा, नाकतोडा म्हणायचं. म्हणा सगळे.’ सगळ्यांनी एका सुरात ‘नाकतोडा’ म्हटलं आणि खाली बसले. नाकतोडा तिथेच होता. त्याचा जबडा आडवा हलत होता, मागचे पाय घडी घालून उंच धरले होते, डोळे बाजूला होते. पण त्याच्याबद्दल आता कोणालाच काही बोलायचं नव्हतं. नाव मिळालं, प्रश्न मिटला. बोलणं मीच बंद केलं होतं, तेही मराठीच्या तासाला.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: नाव शेवटी. आधी मूल बघेल, मग बोलेल, त्याला हवं ते नाव तेच ठेवेल, आणि अगदी उठताना मी सहज म्हणेन, ‘चला, नाकतोड्याला बसू द्या.’ एवढ्यानं पुरतं. दुसऱ्या दिवशी तोच शब्द मुलाच्या तोंडून येतो. चतुराला सगळी मुलं आधी ‘हेलिकॉप्टर’च म्हणतात. म्हणू दे. ती उपमा आहे, आणि ती त्यांनी स्वतः शोधलेली आहे.

या नियमाला एकच अपवाद, तो पुढे सांगते.

पोह्याभोवतीचा अर्धा तास

मुंगीपासूनच सुरुवात करा. ती बाराही महिने असते, घाबरवत नाही आणि सतत काहीतरी करत असते. तिसरं कारण सगळ्यांत महत्त्वाचं आहे. लहान मुलांकडे नामं भरपूर असतात, कारण मोठी माणसं दिवसभर ‘हे काय? ते काय?’ विचारत असतात. कमी पडतात ती क्रियापदं. ‘करते’, ‘जाते’, ‘होते’ यांवर त्यांचं सगळं भागतं. मुंगीपुढे ते भागत नाही.

म्हणून ‘हे काय आहे?’ असं विचारूच नका. त्याचं उत्तर एका शब्दात संपतं. विचारा, ‘काय करून राहिली ती?’ (हो, आम्ही नागपूरवाले असंच बोलतो, आणि मी ते वर्गात बदलत नाही.) विचारलं की गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. हे वाचायला सोपं आहे, करायला नाही. चारवर आलं की आपलीच जीभ वळवळायला लागते. पण सातव्या-आठव्या अंकाला कोणीतरी बोलतंच.

मागच्या वर्षीची गोष्ट. एक मुंगी पोह्याला धरून मागे-मागे चालत होती. एक मुलगा म्हणाला, ‘घेऊन जाते.’ शेजारची म्हणाली, ‘नाही, ओढते.’ त्यानं मान्य केलं नाही. तेवढ्यात दुसरी मुंगी समोरून आली आणि तिनंही पोहा धरला. आता पोहा जागचा हलेना. ‘खेचाखेची करून राहिल्या!’ ‘भांडतात.’ ‘नाही, मदत करते ती.’ तिसरी आली, पोहा उंबऱ्याच्या कडेवर चढला आणि धपकन उलटा पडला. ‘पडला!’ ‘पाडला!’ मी इतका वेळ गप्प होते, पण इथे राहवलं नाही. विचारलं, ‘पडला की पाडला?’ पाच वर्षांच्या मुलीनं विचार करून सांगितलं, ‘मुंगीनं पाडला, म्हणून पडला.’ हा फरक मला फळ्यावर शिकवायचा असता तर दुसरी-तिसरीपर्यंत थांबावं लागलं असतं.

मूल ‘घेऊन जाते’ म्हणालं की चूक काढायची नाही. त्याचंच वाक्य थोडं लांबवून परत द्यायचं: ‘हो, तोंडात धरून मागे-मागे घेऊन जाते.’ बस. पुन्हा म्हणून घ्यायचं नाही.

पुढच्या वेळी एक गंमत करा. मुंग्यांची रांग चांगली लागली की मधोमध फरशीवरून ओलं बोट आडवं पुसा. मुंग्या पुढच्या मुंगीनं सोडलेल्या वासाच्या रेषेवरून चालतात. ती रेषा पुसली गेली की तिथे येऊन थांबतात, इकडेतिकडे फिरतात, काही मागे वळतात. बोट फिरवण्याआधी विचारा, ‘आता काय होईल?’ मग भविष्यकाळ आपोआप येतो: ‘मरेल’, ‘उडी मारेल’, ‘चावेल तुले’. बोट फिरवल्यावर वर्तमान: ‘थांबते’, ‘शोधून राहिली’, ‘गोंधळते’. थोड्या वेळानं रांग पुन्हा जुळते, तेव्हा भूतकाळ: ‘रस्ता हरवला होता, मग तिला वास आला.’ तिन्ही काळ एका बोटात.

अळी, अयी, इल्ली

आमच्याकडे ‘ळ’ची फार पंचाईत आहे. हिंदीत बोलणारं मूल ‘अली’ म्हणतं. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, म्हणून आजी अळीला ‘अयी’ म्हणते. शेजारची काकू ‘इल्ली’ म्हणते. एवढ्याशा जिवाला इतकी नावं, आणि त्यावर पालकांची सूचना, ‘मॅडम, कॅटरपिलर शिकवा ना.’

मी सगळी ठेवते. ‘तुझी आजी अयी म्हणते ना? आपण इथे अळी म्हणतो. बघ, दोन नावं आहेत तिला.’ आजीचं बोलणं चूक आहे असं मुलाला एकदा वाटलं की ते आजीसमोर बोलायचं टाळतं किंवा आपल्यासमोर. दोन्ही नकोच.

पण ‘ळ’ आला पाहिजे, हेही खरं. अक्षरांच्या तक्त्यात त्याची अडचण अशी की मराठी शब्द ‘ळ’नं सुरू होत नाहीत. किड्यांमध्ये मात्र तो मधे आणि शेवटी भरपूर सापडतो: अळी, झुरळ, वाळवी, मुंगळा, पाकोळी, आणि किडा नसलेला कोळी. त्यातलं माझं लाडकं वाक्य, ‘अळी वळवळते.’ हे म्हणताना जीभ मागे वळते, टाळूला टेकते आणि सुटून पुढे येते, म्हणजे तोंडात अळीच. मुलांना सांगा, ‘तुमच्या तोंडातली अळी वळवळवा.’ आरशासमोर केलं तर आणखी बरं. हसून-हसून लोळतात, पण पंधरा-वीस दिवसांत बऱ्याच जणांना जमतं. ज्यांना नाही जमलं त्यांना सोडून द्या. पाच वर्षांच्या मुलाला ‘ळ’साठी रडवायचं नसतं.

मराठीत एक किडा असा आहे की त्याचं नाव एकच अक्षर आहे: ऊ. तक्त्यातला ऊ उसाचा असतो. मी डोक्यातली आणते. एक अक्षर, पूर्ण शब्द. एक असली की ऊ, पुष्कळ झाल्या की उवा. ज्या दिवशी हे शिकवते त्या दिवशी संध्याकाळी एखाद्या आईचा फोन येतोच, ‘ताई, आमच्या घरी कोणाच्या डोक्यात नाहीत हो!’ येऊ द्या. पोरांनी ‘ऊ’ जन्मात विसरायचा नाही, एवढं नक्की.

आला, आली, आलं

हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन, त्यामुळे आमची मुलं ‘झुरळ आला’, ‘फुलपाखरू उडाली’ असं म्हणतात. ‘लिंग ओळखा’ हे या वयात निरर्थक आहे. त्याऐवजी दाराचा खेळ खेळा. एक मूल दाराबाहेर, हातात चित्र किंवा मातीचा किडा. आतून सगळे विचारतात, ‘कोण आलं?’ बाहेरचं सांगतं, ‘डास आला.’ ‘माशी आली.’ ‘झुरळ आलं.’ मग घोळक्यानं यायचं: ‘भुंगे आले’, ‘मुंग्या आल्या’, ‘फुलपाखरं आली.’ कोणी चुकलं तर दार उघडत नाही. बाकीची मुलंच बरोबर करून देतात. माझ्या वर्गात ‘कॉकरोच आला’ आणि ‘झुरळ आलं’ हे दोन्ही चालतं, आणि एकच प्राणी नाव बदललं की ‘तो’चा ‘ते’ होतो याची मुलांना भारी मौज वाटते.

इथे मला एक गोष्ट टोचते, ती सांगून टाकते. मुंगी ‘ती’ आणि मुंगळा ‘तो’, म्हणून मुलं मुंगळ्याला मुंगीचा नवरा करतात. मुंगळे ही मोठ्या मुंग्यांची वेगळी जात आहे, आणि रांगेत राबणारे मुंगळेही माद्याच असतात. डास ‘तो’, पण रक्त पिते फक्त मादी. मी हे मोठ्या गटाला सांगते. एका मुलानं ऐकून विचारलं होतं, ‘मग डास चावली म्हणायचं?’ मी अजून त्याला धड उत्तर दिलेलं नाही.

बरणीतली अळी

कुंडीत गोडलिंब असेल तर पावसाळ्यात त्याची पानं नीट बघा. (पुण्यामुंबईकडे याला कढीपत्ता म्हणतात.) पानावर चिमणीच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं आणि काडीनं हळूच टोचल्यावर ते हललं, तर ती अळी आहे. फुलपाखराचीच. लिंबावर आणि संत्र्यावरही या कुळातल्या अळ्या असतात. 2015 मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेला निलवंतही लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतो.

पाळायचं कसं? लोणच्याची मोठी काचेची बरणी घ्या. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा आणि रबर. पानांची फांदी औषधाच्या छोट्या बाटलीत पाणी घालून उभी करा आणि बाटलीचं तोंड कापसानं घट्ट बंद करा, नाहीतर अळी पाण्यात उतरून मरते. पानं रोज ताजी, लेंड्या रोज साफ, बरणी उन्हात कधीच नाही. पानं आपल्याच झाडाची हवीत. पहिल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी मी बाजारातून गोडलिंबाची जुडी आणून घातली, धुऊनसुद्धा. सकाळी तिन्ही अळ्या काळ्या पडून तळाशी. भाजीवर फवारा मारलेला असतो हे मला माहीत होतं, सुचलं नाही. सोमवारी पोरांना काय सांगायचं याचा रविवारभर विचार केला आणि शेवटी खरं तेच सांगितलं.

अळी वाढते तशी एक दिवस हिरवी होते, तो दिवस मुलांना सांगू नका, त्यांना पकडू द्या. तिला डिवचलं की डोक्यामागून लालसर दुफाटी शिंग बाहेर काढते आणि उग्र आंबट वास सोडते. वासाला शब्द शोधायला लावा. आमच्याकडे आलेले: ‘सडका संत्रा’, ‘दवाखाना’, ‘दादाचे मोजे’. मग ती खाणं सोडून भटकायला लागते. तेव्हा एक काडी तिरकी ठेवा. काडीला धागा बांधून, पाठ टेकून ती कोष करते. साधारण आठ-दहा दिवसांनी, बहुतेक सकाळी, फुलपाखरू निघतं, ओल्या रुमालासारखे चुरगळलेले पंख घेऊन. पंख वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, मग गच्चीवर सोडायचं. कधीकधी कोषातून काहीच निघत नाही, किंवा बारीक भोक दिसतं आणि त्यातून इवली माशी निघालेली असते. त्यावर फुलपाखरापेक्षा जास्त बोलणं होतं, हा माझा अनुभव.

एका मुलाचे आजोबा काटोलकडे संत्र्याची बाग करतात. तो बरणी बघून म्हणाला, ‘आबाजी तं अयीले मारते.’ वर्ग सुन्न. बरोबरच होतं त्याचं. रोपांची पानं ही अळी खाऊन टाकते. मी म्हटलं, ‘आबा काहून मारत असतील?’ तो म्हणाला, ‘काहून की ते सगळे पानं खाते, मग संत्रा नाही लागत.’ दुसरीकडून आलं, ‘पण मग फुलपाखरू नाही होत.’ ‘काहून की’, ‘पण’, ‘मग’, ‘नाहीतर’ असे वाक्यं जोडणारे शब्द हवेत म्हणून आम्ही गोष्टी रचतो, प्रश्नपत्रिका काढतो. इथे ते भांडणातून आले. वाद मिटला नाही. मी मिटवलाही नाही.

आता तो अपवाद

गांधीलमाशी, मधमाशांचं मोहोळ, केसाळ सुरवंट, गोम, विंचू: इथे नाव आधी, आवाज मोठा, आणि गप्पा पाच पावलांवरून. सुरवंटाचे केस टोचले की अंगाला आग होते. ओळखीचा नसलेला कोणताही किडा तळहातावर घ्यायचा नाही, कागदावर चढवायचा. नंतर साबणानं हात. पाय तोडणं, पंख उपटणं सुरू झालं की तास तिथेच बंद. पाच मिनिटं रडतील.

ऋतूप्रमाणे

मिरगाचा पहिला पाऊस पडला की मोकळ्या प्लॉटवर लाल मखमली किडा निघतो. पाय मोजायला तोच घ्या, आठ भरतात. कीटकाला सहा, म्हणजे नाव ‘मृगाचा किडा’ असलं तरी हा कोळ्याच्या नात्यातला. मोजताना मुलं सात, पाच, दहा काहीही सांगतात, कारण तो थांबत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. ‘घेऊन जा गे मारबत’ मुलांना तोंडपाठ असतं. वर्गात आम्ही पुढचं रिकामं ठेवतो आणि प्रत्येकानं भर घालायची: ‘माशा-मच्छर घेऊन जा गे मारबत’, ‘ढेकूण घेऊन जा गे मारबत’. एका वर्षी एकीनं मधेच ओरडून सांगितलं, ‘मुंगीले नको नेऊ गे मारबत!’ आणि मग प्रत्येक जण काय न्यायचं नाही तेच सांगत सुटला.

दिवाळीनंतर कोणाच्या घरी कोशाची, म्हणजे कोसा रेशमाची, करवतकाठी साडी असेल तर तिचा पदर हाताळायला द्या, आणि भंडारा-गडचिरोलीकडचं कोणी असेल तर खरा कोसा मागवा. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या अळीचं ते घर. सुपारीएवढं, टणक. कानाशी हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. काय असेल, यावर दहा मिनिटं सहज जातात.

उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर असताना बाहेर नेण्यात अर्थ नाही. तेव्हा कूलर. टाकी रिकामी करण्याआधी ग्लासभर पाणी काढून उजेडात धरा. डासांच्या अळ्या पाण्याच्या वरच्या कडेला उलट्या लटकलेल्या असतात. ग्लासला टिचकी मारली की सगळ्या बुडी मारतात, आणि परत वर. ‘वर-खाली’, ‘उलटं-सुलटं’, ‘लटकणं-बुडणं’ असे जोडशब्दांचे जोडच. दोन मिनिटांत ते पाणी कोरड्या मातीवर ओता, आणि टाकी आतून घासा, कारण अंडी कडांना चिकटलेली असतात.

लिहून घ्या

दिवसाच्या शेवटी एका मुलाजवळ बसते आणि म्हणते, ‘सांग, मी लिहिते.’ तो बोलेल तसं, अक्षरशः. ‘अयी’ तर ‘अयी’, ‘खाऊन राहिली’ तर ‘खाऊन राहिली’. मग प्रत्येक शब्दाखाली त्याचं बोट धरून वाचते. आपण बोललो ते कागदावर बसलं आणि परत तसंच ऐकू आलं, हे एकदा कळलं की मुलं अक्षरांकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. इथे शुद्धलेखन सुधारायचा मोह आवरा. सुधारलेलं वाक्य त्यांना वाचता येत नाही, कारण ते त्यांचं नसतं.

सध्या खिडकीत एक कोष आहे. बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी काटोलवाल्यानं सांगितली आणि मी लिहिली: ‘आत अयी झोपली हाय. झाडू हळू मारा.’ आमच्या मावशींना ती मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तो रोज सकाळी स्वतः करतो, चिठ्ठीवर बोट फिरवत. ‘झाडू’पाशी त्याचं बोट अडखळतं, मग पुढे सरकतं.